अण्णांच्या नावावरची कामं

अण्णा, तुम्ही गेल्यानंतर आपल्या घरात सगळ्यात जास्त कामं तुम्हीच केली आहेत. हयातीत तुम्हाला उठून माठातलं पाणी घेताना आम्ही कुणी पाहिलं नाही, त्यामुळे हे वाक्य लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण पुरावा आहे. तुमच्या थोरल्या चिरंजीवांनी मोबाईलमध्ये सगळ्यांसाठी कामांची एक यादी ठेवली आहे, प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचं नाव, आणि काम झालं की त्यावर बोट ठेवायचं, म्हणजे हिरवी खूण होते. गेल्या दिवाळीपासून सगळ्यात जास्त हिरव्या खुणा तुमच्या नावापुढे आहेत. त्या खालोखाल माझ्या. थोरल्याच्या नावापुढे किती आहेत ते विचारू नका, तुमचं पोर आहे ते.

तुम्हाला ही यादी फार आवडली असती. तुम्ही तेच करायचात, फक्त मोबाईल नव्हता. सकाळी खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करता करता तुम्ही दिवसाची कामं सांगायला सुरुवात करता. अर्ध्या गालावर फेस, वस्तरा हवेत, आणि नजर आरशातच. गहू दळून आणा, लाईट बिल भरा, मावशींच्या गावाहून दोघं येणार आहेत त्यांच्या जेवणाचं बघा, माझ्या आईचं औषध संपलंय. कुणाला सांगताय ते तुम्ही कधी बोलत नाही. सांगायची गरज नसते, कारण आई स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातानं उभी असते आणि बाकी आम्ही तिघं दप्तरात डोकं घालून बसलेलो असतो. मग तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून तहसील कचेरीत जाता, अव्वल कारकुनाच्या खुर्चीत बसता, आणि संध्याकाळी चप्पल काढायच्या आधी एकच शब्द विचारता, "झालं?" आई म्हणते, "झालं." मग तुम्ही ओट्यावर बसून शेजारच्यांना सांगता की आज गहू दळले, बिल भरलं, आईचं औषध आणलं. मराठीत कर्ता वगळता येतो ही सोय तुमच्याइतकी कुणी वापरली नसेल.

आजीला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं तो दिवस मला आठवतो, कारण मी सोबत होते. आरशासमोर तुम्ही म्हणाला होतात, "आज आईला अंबाजोगाईला न्यायचंय," आणि कचेरीत निघून गेला होतात. आईनं आजीला एका हातानं धरलं, दुसऱ्या हातानं मला, काखेत भाकरीचं फडकं, आणि आम्ही एस.टी.त बसलो. दवाखान्यात आजी घाबरून आईचा पदर सोडेना. दुपारी डॉक्टर आईवरच ओरडले, इतके दिवस काय करत होतात म्हणून. तिनं ऐकून घेतलं. पुढे कित्येक वर्षं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "मी वेळेवर अंबाजोगाईला नेलं म्हणून आई वाचली." आई तेव्हा चहाचा ट्रे घेऊन यायची आणि मान हलवायची. मला तेव्हा वाटायचं, ती विसरली असेल. ती काही विसरत नाही, अण्णा.

तर ही यादी. दिवाळीला सगळे आईकडे गेवराईला जमलो होतो. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, एक डोळा जवळजवळ गेलाय आणि दुसरा त्या वाटेवर आहे, हे तेव्हा कळलं. कळलं म्हणजे तिनं सांगितलं नाही. फराळाच्या ताटात तिनं करंजीवर चिवडा वाढला तेव्हा कळलं. थोरला पुण्याच्या कंपनीत शंभर माणसं सांभाळतो असं सांगतो. तो म्हणाला, आपलं चुकतंय कुठं तर आपल्याकडे सिस्टीम नाही. मग त्यानं हे ॲप काढलं. त्याचं एक फुकटचं खातं असतं आणि एक विकतचं. फुकटच्यात एका यादीत पाच माणसं. आम्ही होतो चार: थोरला, वहिनी, धाकटा आणि मी. तेव्हा धाकटा, जो संभाजीनगरच्या बँकेत दुसऱ्यांना काटकसर शिकवतो, तो म्हणाला, पाच फुकट आहेत तर चारच कशाला? म्हणून त्यानं आईच्या उशाचा मोबाईल उचलला आणि त्यातही ते घालून टाकलं. तो नंबर तुमचाच आहे. तुम्ही गेल्यावर आईनं तो बंद करू दिला नाही, आणि आमच्या कुणाच्याच मोबाईलमध्ये कुणी नाव बदललं नाही. तिचा फोन आला की अजूनही पडद्यावर 'अण्णा' येतं. मोबाईलमधलं खातंही तुमच्याच नावाचं. त्यामुळे यादीत पाचवं नाव आपोआप उमटलं, अण्णा. फुकट मिळालेली जागा वाया जाऊ नये म्हणून मेलेल्या माणसाला कामाला लावणारं घर तुम्ही मागे ठेवलं आहे.

थोरल्याचा नियम होता की एकही काम बिननावाचं राहता कामा नये. कामं भराभर चढली. पुढची अडचण तुमच्या लक्षात आली असेल. थोरल्याला मीटिंगा, धाकट्याचं मार्च एन्डिंग, जे त्याला दिवाळीपासूनच सुरू होतं, वहिनीच्या मुलाची दहावी. राहता राहिले मी. माझं केजला तहसीलसमोर झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, आणि पुण्यातून बघितलं की केज आणि गेवराई एकाच गल्लीत दिसतात. "तू तिथंच आहेस ना," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकू येत नाही. मी करायची तेवढी केली. जी कुणीच घेईना ती वहिनींनी एकदा गमतीनं तुमच्या नावावर टाकली. सगळ्यांनी हसण्याचे चेहरे पाठवले. त्यानंतर ती गंमत राहिली नाही, रीत झाली. गच्चीच्या भिंतीत उगवलेला पिंपळ काढणे, अण्णा. टाकीचा गळका नळ बदलणे, अण्णा. गॅसच्या ऑफिसात जाऊन कार्ड दाखवणे, अण्णा. आणि ही कामं होत होती. आठ-पंधरा दिवसांनी बघावं तर तुमच्या नावापुढे हिरवी खूण. थोरल्याला वाटलं मी करते, कारण मी तिथंच आहे. मला वाटलं धाकटा शनिवारी येऊन करून जातो आणि बोलत नाही, चला, एवढा तरी शहाणा निघाला. धाकट्याला वाटलं थोरला पुण्यातून माणूस लावून करून घेतो. कुणी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण केलं नाही हे सांगावं लागलं असतं.

संक्रांतीच्या आसपास यादीत एक काम आलं, 'आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेणे'. ते आधी थोरल्याच्या नावावर होतं, मग धाकट्याच्या झालं, मग परत थोरल्याच्या. तोवर वेगळाच विषय निघाला. ऑपरेशननंतर आईजवळ राहायला बीडची एक बाई ठेवायची असं ठरत होतं, आणि तिला यादीत घ्यायचं तर ती सहावी. म्हणजे एकतर विकतचं खातं घ्या, नाहीतर कुणाला तरी काढा. यावर ओळीनं तीन रविवार व्हिडिओ कॉल झाला, अण्णा. थोरल्यानं तक्ता करून आणला होता. डावीकडे फुकटचं, उजवीकडे विकतचं. फुकटच्यात पाच माणसं, विकतच्यात पाहिजे तेवढी. फुकटच्यात काम आलं की मोबाईल एकदा वाजतो आणि गप्प बसतो, विकतच्यात ठरल्या वेळेला पुन्हा पुन्हा वाजतो. फुकटच्यात खूण दिसते पण ती कुणाच्या मोबाईलवरून झाली ते दिसत नाही, विकतच्यात सगळा इतिहास दिसतो, कुणी, कधी, किती वाजता. हा शेवटचा मुद्दा त्यानं दोनदा सांगितला. वहिनी म्हणाल्या, महिन्याचं घेण्यापेक्षा वर्षाचं घेतलं तर परवडतं. धाकटा म्हणाला, पैसे घालवण्यापेक्षा अण्णांना काढू. आणि म्हणता म्हणताच त्यानं डोळ्यांना रुमाल लावला, म्हणाला, नको, अण्णांना नको काढायला. थोरल्यानंही चष्मा पुसला. तुम्ही हयात असताना यातला एकही तुमच्याशेजारी पाच मिनिटं बसला नव्हता. मी दुकानात फॉर्म भरायला आलेल्या बायांच्या रांगेसमोर मोबाईल काचेला टेकवून हे ऐकत होते. यात आईचा डोळा कुठं होता? तक्त्यात डोळ्याचा रकाना नव्हता.

तिसऱ्या रविवारी ठरलं की पुढच्या महिन्यात ठरवू. कॉल संपायच्या आधी थोरल्यानं डोळ्यांचं काम स्वतःच्या नावावरून काढलं, कारण ते तारखेच्या पुढे गेल्यामुळे लाल दिसत होतं, आणि 'तात्पुरतं' म्हणून तुमच्या नावावर टाकलं. मग दहा-बारा दिवसांनी त्या कामापुढे हिरवी खूण आली. थोरल्यानं ग्रुपवर टाळ्या वाजवणारे हात टाकले आणि खाली लिहिलं, ग्रेट टीमवर्क. धाकट्यानं अंगठा दिला. मी म्हटलं, नेलं वाटतं एकानं शेवटी. आणि मी त्या शुक्रवारी दुकान नवऱ्याच्या हवाली करून, बीडला गाडी बदलून, गेवराईला गेले.

दार उघडंच होतं. आई काळा चष्मा लावून गॅससमोर उभी राहून भाकरी थापत होती. डोळ्याला धूर-वाफ लागू देऊ नका असं डॉक्टर प्रत्येकाला बजावतात. मी आधी गॅस बंद केला, तिला कॉटवर बसवलं, आणि विचारलं, "कोण आलतं न्यायला?"

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "तुज्या अण्णाच्या नावानं आलंतं, आईला दवाखान्यात नेणे. मंग नेलं मी आईला."

तुम्हाला हे कळतंय का, अण्णा? मला कळायला वेळ लागला. आम्हाला वाटायचं, तिला मोबाईल फक्त उचलता येतो. ती जुनी सातवी पास आहे, हे आम्ही सोयीनं विसरलो होतो. यादीत काम पडलं की उशाशी मोबाईल वाजायचा. ती तो अंगणात उजेडाला न्यायची, धुरकट डोळ्यापासून लांब धरून एकेक अक्षर लावून वाचायची, तुमचं नाव बघायची, आणि उठायची. झालं की गोलावर बोट ठेवायची, तेही तिचं तिनं शोधून काढलं होतं. नळ तिनं माणूस बोलावून बदलून घेतला. गॅसच्या ऑफिसात ती दोन वेळा रांगेत उभी राहिली. पिंपळ काढायला ती शिडीनं गच्चीच्या भिंतीवर चढली होती, एका डोळ्यानं. पिंपळ तोडू नये म्हणून मुळासकट सोडवून घेतला आणि देवळामागे नेऊन लावला, हे तिनं मला कौतुकानं सांगितलं. आणि डोळ्यांसाठी ती अर्ध्या तिकिटावर एस.टी.नं बीडला गेली. तपासून आली. पुन्हा गेली. ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं विचारलं, सोबत कोण आहे. ती म्हणाली, "पोरं गाडी लावायलेत खाली." शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्यानं कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी डोळ्याला पट्टी बांधून ती परत एस.टी.त बसली, आणि कंडक्टरनं पुढची जागा दिली, लई चांगला मानूस होता, हेही तिनं सांगितलं. आमच्यापैकी कुणाबद्दल तिला असं सांगता आलं नसतं.

मी तिला म्हटलं, मला का नाही सांगितलंस, मी आले असते. माझा आवाज चढला होता. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, नवीन डोळ्यानं जरा नीट बघून घेतलं, आणि म्हणाली, "तुमी समदे कामात. आन् ह्यांच्या नावाचं काम कदी ऱ्हायलंय का? तवा बी तेंच्या आईला मीच नेलंतं."

तेव्हा मला तुमच्या निरोपाचा कार्यक्रम आठवला. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा अंगणात मांडव घातला होता. शाल, नारळ, हार. साहेब भाषणात म्हणाले की यांच्या टेबलावर काम कधी पडून राहिलं नाही. तुम्ही उठलात आणि म्हणालात, ऑफिसचंच काय, माझं घरचंही काम आजवर कधी पडून राहिलं नाही, हा शिस्तीचा भाग आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई मागच्या अंगणात चुलखंडावर पुऱ्या तळत होती. मी धावत जाऊन तिला सांगितलं की तुझं नाव घेतील आता, चल पुढं. तिनं झारा खाली ठेवला, पदर नीट केला, कपाळाचा घाम पुसला. आणि थांबली. तुम्ही शिस्तीवर आणखी थोडं बोललात आणि बसलात. तिनं झारा परत उचलला. मला तुमचा राग येतो असं म्हणणं फार सभ्यपणाचं होईल. मला तुमची किळस येते, आणि त्या दिवसापासून येते. शाल तुम्ही कपाटात जपून ठेवलीत आणि पुढच्या हिवाळ्यात तिला दिलीत. तुमच्या हातून तिला मिळालेली तेवढी एक भेट मला आठवते.

मी तिथूनच थोरल्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, रडतोय. मग म्हणाला, "म्हणूनच मी सांगत होतो विकतचं घ्या. हिस्टरीत दिसलं असतं ना." मी फोन ठेवला. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ बघितले, पण शेळी खड्ड्यात पडल्यावर उंच उंटाची किंमत विचारणारा हा पहिलाच. त्यानं त्याच दिवशी वर्षाचे पैसे भरून टाकले. वरातीमागून घोडं, तेही सजवून. आता सगळ्यांचे मोबाईल ठरल्या वेळेला वाजतात. आईला डोळ्यात थेंब घालायची आठवण सकाळी वाजते, नेमकी तुमच्या दाढीच्या वेळेला. इतिहासही दिसतो. थेंब तिचे तीच घालते. बीडची बाई अजून ठरायची आहे, तिच्यासाठी जागा मात्र पाहिजे तेवढी आहे. तुमच्या नावावर यापुढे काही टाकायचं नाही अशी थोरल्यानं सगळ्यांना ताकीद दिली. दोन आठवड्यांनी आई मला फोनवर म्हणते, "अण्णाचं काई येईना झालं गं. इसरले का काय." मी म्हटलं, त्यांनाही जरा सुट्टी दिलीय.

हे पत्र पाठवायचं झालं तर तुमचा नंबर तोच आहे. दाबलं की पोचेल, उशाशी वाजेल. ती अंगणात नेऊन शेवटपर्यंत वाचेल, तुमच्याबद्दलचं वाईटसाईट सोडून देईल, आणि यात करायचं काही राहिलंय का ते शोधत बसेल. म्हणून नाही पाठवत.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता यायची नाही. त्या शुक्रवारी परत येताना गाडीत बसल्या बसल्या मी मोबाईलमधलं 'अण्णा' पुसलं आणि 'आई' केलं. फार बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात दुकानात गर्दी होती, फोन वाजला, बघितलं तर 'आई'. म्हटलं, करते नंतर. संध्याकाळी लावला तर ती म्हणाली, काही न्हाई, सहज केलता. पुन्हा दोन दिवसांनी तेच झालं. 'अण्णा' होतं तोवर असं एकदाही झालं नव्हतं. ते नाव दिसलं की समोरचं गिऱ्हाईक सोडून मी उठायची, पदर सावरायची. तुम्ही नाही आहात हे माहीत असूनही. मग तिसऱ्या वेळेची वाट न बघता मी ते नाव परत 'अण्णा' करून ठेवलं. आता तिचा फोन पहिल्या रिंगला उचलते, उभी राहून.